गावाच्या आराखड्यात दिव्यांगांचा वाटा: नाशिक जिल्ह्यातल्या गावांसाठी पायरीपायरीने

माझी मावशी निफाड तालुक्यात राहते. तिच्या धाकट्याला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा राहत नाही. तो आता एकोणीस वर्षांचा आहे. तो सहा महिन्यांचा होता तेव्हा मावशीने द्राक्षबागेतली मजुरी सोडली, ती पुन्हा धरलीच नाही. २०११ साली देशभर सामाजिक, आर्थिक व जात जनगणना झाली. ग्रामीण घर वंचित ठरवायच्या निकषांत दिव्यांगांसाठी एक निकष होता: घरात दिव्यांग व्यक्ती असावी आणि एकही धडधाकट प्रौढ नसावा. मावशी धडधाकट आहे, काका धडधाकट आहेत. त्यामुळे त्या निकषापुरतं त्यांचं घर वंचित नव्हतं. ती धडधाकट बाई मुलाला सोडून उंबऱ्याबाहेर पडू शकत नाही, हे लिहायला त्या फॉर्मात रकानाच नव्हता.

पुढे काही वर्षं मी जिल्ह्यातल्या ग्रामपंचायतींबरोबर विकास आराखड्याच्या कामात होतो, तेव्हा हीच गोष्ट तालुक्यातालुक्यात दिसली. आराखडा ठरतो तेव्हा दिव्यांग माणूस चर्चेत नसतो. मार्च जवळ आला की ‘दिव्यांगांचा निधी खर्च करायचाय’ म्हणून धावपळ होते आणि शिलाई मशीन, पिठाची गिरणी किंवा काही हजार रुपये वाटले जातात. वाटप होतं, पण गावाच्या गरिबी निर्मूलनात त्या घराचा वाटा ठरत नाही. तो वाटा ठरवून कसा घ्यायचा, हे इथे लिहिलं आहे. सरपंच, सदस्य, उमेदच्या (राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) सीआरपी ताई, म्हणजे गावातले बचतगट सांभाळणाऱ्या कार्यकर्त्या, दिव्यांग व्यक्ती आणि त्यांचे पालक, कुणालाही हे वापरता येईल.

पहिली पायरी: तीन वेगवेगळे ‘पाच टक्के’ ओळखा

गावात ‘पाच टक्के’ म्हटलं की सगळे मान डोलावतात, पण प्रत्येकाच्या मनातले पाच टक्के वेगळे असतात.

एक, ग्रामपंचायतीच्या स्वउत्पन्नातले. घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडं, बाजारकर अशा स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे, असे राज्य शासनाचे आदेश आहेत. पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महानगरपालिकेलाही हेच लागू आहे.

दोन, दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३७ मधले. सगळ्यात मोठा हक्क हाच आहे आणि सभेत सगळ्यात कमी बोललं जातं तेही यावरच. गरिबी निर्मूलनाच्या आणि विकासाच्या सर्व योजनांत लक्षणीय दिव्यांगत्व, म्हणजे किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्यांसाठी पाच टक्के आरक्षण, आणि त्यात दिव्यांग स्त्रियांना प्राधान्य, असं ते कलम सांगतं. घरकुल आणि शेतजमीन वाटपातही पाच टक्के. १९९५ च्या जुन्या कायद्यात गरिबी निर्मूलनाच्या योजनांसाठी हेच प्रमाण तीन टक्के होतं. या हक्काचं मूळ आंतरराष्ट्रीय करारात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क करारावर भारताने १ ऑक्टोबर २००७ रोजी शिक्कामोर्तब केलं. त्याच्या २८ व्या अनुच्छेदात सामाजिक संरक्षणाच्या आणि गरिबी निर्मूलनाच्या कार्यक्रमांत दिव्यांगांना, विशेषतः दिव्यांग स्त्रिया, मुली आणि वृद्धांना, स्थान द्यायचं बंधन आहे.

तीन, पेसा गावांमधले, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा पेसा कायदा लागू असलेल्या गावांमधले. सुरगाणा, पेठ, कळवण आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या अनुसूचित क्षेत्रातल्या गावांना आदिवासी उपयोजनेचा पाच टक्के निधी थेट मिळतो, त्याला अबंध निधी म्हणतात. त्याचा दिव्यांगांच्या पाच टक्क्यांशी काही संबंध नाही. पण सभेत दिव्यांगांचा विषय निघाला की ‘तो पाच टक्के आला, रस्त्याला लागला’ असं उत्तर मी दोन ठिकाणी ऐकलं आहे. असं उत्तर आलं तर तिथेच थांबवा आणि कोणता पाच टक्के ते विचारा.

हा फरक कळणं का गरजेचं आहे, ते आकड्यांतून बघा. समजा निफाड तालुक्यातल्या एका मोठ्या गावाचं स्वउत्पन्न वर्षाला ४० लाख आहे. पाच टक्के म्हणजे २ लाख. पेठ तालुक्यातल्या एखाद्या गावाचं स्वउत्पन्न समजा १ लाख आहे. पाच टक्के म्हणजे ५ हजार. जिथे गरिबी जास्त, तिथे हा निधी सगळ्यात लहान. म्हणून डोंगरपट्ट्यातल्या गावाने स्वउत्पन्नाच्या पाच टक्क्यांवर समाधान मानू नये. कलम ३७ वर बोट ठेवून घरकुल, रोजगार हमी, विहिरी, शेळीपालन, उमेदचे गट या प्रत्येक योजनेच्या यादीत जागा मागावी.

दुसरी पायरी: मोजणी, पण ‘अपंग कोण आहे?’ असं न विचारता

दारात उभं राहून ‘तुमच्या घरात कुणी अपंग आहे का?’ असं विचारलं की निम्मी घरं ‘नाही’ म्हणतात. मुलीचं लग्न जमायचं असतं, धाकट्याला मिरगी आहे हे भावकीला कळू द्यायचं नसतं. काहींना खरोखर वाटतं की आजीला दिसत नाही ते वयामुळे, ते अपंगत्व कसं असेल?

२०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजार दिव्यांग नोंदले गेले. देशातले जवळपास ६९ टक्के खेड्यांत होते. ती नोंद आठ प्रकारांची होती. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मान्य केले. म्हणून जुनी यादी काढून तिच्यावर आराखडा बांधू नका.

जगभर वापरले जाणारे सहा साधे प्रश्न आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाखालच्या वॉशिंग्टन गटाने ते तयार केले. त्यात ‘अपंग’ हा शब्दच नाही. आपल्या बोलीत ते असे विचारता येतील:

चष्मा लावूनही दिसायला अडचण येते का?
कानाचं यंत्र लावूनही ऐकायला अडचण येते का?
चालायला किंवा पायऱ्या चढायला अडचण येते का?
लक्षात ठेवायला किंवा एका कामावर लक्ष ठेवायला अडचण येते का?
अंघोळ, कपडे घालणं अशी स्वतःची कामं करताना अडचण येते का?
घरच्या बोलीत बोलताना दुसऱ्याचं समजून घ्यायला किंवा आपलं समजावून सांगायला अडचण येते का?

प्रत्येकाला चार उत्तरं: काहीच अडचण नाही, थोडी आहे, खूप आहे, अजिबात जमत नाही. कुठल्याही एका प्रश्नाला ‘खूप’ किंवा ‘अजिबात जमत नाही’ असं उत्तर आलं की ती व्यक्ती यादीत घ्या. टक्केवारी आणि प्रमाणपत्र हे पुढचं काम.

हे प्रश्न पाच वर्षांवरच्या माणसांसाठी आहेत. त्याहून लहान मुलांसाठी अंगणवाडी ताईंना आणि आशाताईंना विचारा, त्यांना घर न् घर माहीत असतं. दोन गोष्टी या प्रश्नांतून सहज निसटतात. एक म्हणजे मानसिक आजार. दुसरी, आदिवासी पट्ट्यात महत्त्वाची असलेली सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. सिकलसेल कायद्याच्या २१ प्रकारांत आहे, पण तो माणूस चालतो, बोलतो, दिसायला धडधाकट असतो आणि दुखणं उठलं की आठवडाभर कामाला जाऊ शकत नाही. यासाठी सातवा प्रश्न जोडा: ‘आजारामुळे गेल्या तीन महिन्यांत कुणाचे कामाचे किंवा शाळेचे बरेच दिवस गेले का?’

मोजणी कधी करायची, यालाही महत्त्व आहे. आराखड्याची मोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. तेव्हा निफाड-दिंडोरीत गोडी छाटणी चालू असते, बायामाणसं दिवसभर बागेत. पेठ-सुरगाण्यात भात काढणी उरकली की कुटुंबंच्या कुटुंबं कामाला खाली उतरतात आणि मागे राहतात ती म्हातारी माणसं, आणि ज्यांना नेता येत नाही ती. मोजणी सप्टेंबरात उरका, गणपती उठले की लगेच. उशीर झालाच तर मागे राहिलेल्यांच्या घरी नक्की जा. आराखड्यात सगळ्यात आधी यायला हवं ते याच घरांचं दुखणं.

एक पथ्य मनापासून पाळा. नावांची यादी सभेत मोठ्याने वाचू नका, फलकावर लावू नका. सभेत आकडे सांगा: वॉर्ड दोनमध्ये अकरा जण, त्यातल्या सात बाया, तीन मुलं शाळेबाहेर. नावं नोंदवहीत राहू द्या.

तिसरी पायरी: घराचा हिशोब मांडा

माझ्या मते सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे, म्हणून इथे घाई करू नका.

गरिबी मोजताना आपल्याकडे घराचा खर्च बघण्याची पद्धत रुळली. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी ग्रामीण भारतात दरडोई दरमहा ८१६ रुपये ही रेषा निघाली होती. आता विचार करा, एखाद्या घरात महिन्याला १,८०० रुपये डायपर आणि औषधांवर जातात. खर्चाच्या मापाने ते घर शेजारच्या घरापेक्षा बऱ्या स्थितीतलं दिसतं. त्या पैशातून घरात दाण्याचीही भर पडलेली नसते. अमर्त्य सेन यांनी हे दोन बाजूंनी सांगितलं आहे: दिव्यांग माणसाला कमावणं अवघड जातं, आणि कमावलेल्या त्याच रुपयातून इतरांइतकं जगणं उभं करणं आणखी अवघड जातं. दुसरी बाजू आपल्या सर्वेक्षणांत सहसा येत नाही. नीती आयोगाचा बहुआयामी गरिबी निर्देशांक खर्चापलीकडे जाऊन पोषण, शाळा, पाणी, घर असे १२ निर्देशक बघतो, पण त्यातही दिव्यांगत्व हा वेगळा निर्देशक नाही.

म्हणून यादीतल्या प्रत्येक घरी बसून तीन आकडे लिहा: बुडालेली मजुरी, जादा खर्च आणि मिळालेली मदत. आमच्या मावशीच्या घराचा हिशोब साधारण असा मांडता येतो. रोज समजा ३५० रुपये, महिन्याला १८ दिवस, अशी तिची बुडालेली मजुरी ६,३०० रुपये. डायपर आणि औषधं १,८००. दोनदा नाशिकला न्यायचं, गाडीभाडं आणि दिवसभराचं खाणं धरून १,४००. बेरीज ९,५००. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचं अनुदान २०२५ मध्ये १,५०० वरून २,५०० झालं, ते वजा केलं तरी दर महिन्याला ७,००० रुपयांचा खड्डा उरतो.

सगळ्यात मोठा आकडा कुठला आहे, पाहा. सांभाळणाऱ्या बाईची बुडालेली मजुरी. शिलाई मशीन दिल्याने हा खड्डा भरणार नाही. दिवसाचे चार तास मुलाला कुणी विश्वासाने सांभाळलं, तर भरायला सुरुवात होईल. प्रत्येक घराचा खड्डा वेगळ्या जागी असतो. कुठे भाडं, कुठे व्याजाने काढलेलं कर्ज, कुठे शाळेतून काढलेली मोठी बहीण. ही बहीण तर हमखास विसरली जाते. धाकट्याला सांभाळायला दहावी सोडलेल्या मुली मी पाहिल्या आहेत, त्यांचं नाव कुठल्याच यादीत नसतं. नोंदवहीत ‘सांभाळतं कोण?’ असा रकाना आखा.

चौथी पायरी: सभेला ते येतील अशी सभा भरवा

ग्रामसभा वर्षातून किमान चार होतात: १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तितके लोक लागतात. ते नसले की सभा तहकूब होते. दोन मुलांनी पाठीवर घेऊन आणलेला माणूस ‘तहकूब’ ऐकून परत जातो आणि पुन्हा कधी येत नाही, हे मी पाहिलंय. म्हणून मोठ्या सभेच्या आधी वॉर्डात किंवा पाड्यावर, कुणाच्या तरी ओट्यावर, दिव्यांग व्यक्ती आणि त्यांना सांभाळणाऱ्यांची वेगळी बैठक घ्या. महिला ग्रामसभा मुख्य सभेआधी होते, तसंच हे. त्या बैठकीतले तीन-चार ठराव लिहून ग्रामसेवकांकडे (आता त्यांचं पद ग्रामपंचायत अधिकारी म्हणून ओळखलं जातं) सभेची नोटीस निघण्याआधी द्या आणि पोच घ्या. विषयपत्रिकेत स्वतंत्र विषय छापून आला पाहिजे. ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये आला तर तो साडेबारा वाजता, सगळे उठायच्या बेतात असताना येतो.

सभेची जागा पायऱ्यांची असेल तर सभा खाली मैदानात घ्या. ऐकू न येणाऱ्यांसाठी खुणांची भाषा जाणणारा माणूस खेड्यात सहज मिळत नाही. घरातली बहीण किंवा शाळेतला मित्र त्याच्या खुणा जाणत असतो, त्याला शेजारी बसवा आणि सरपंचांना सावकाश बोलायला सांगा. पेठ-सुरगाण्यात कोकणा आदिवासींच्या बोलीत आणि मालेगावच्या वस्त्यांत उर्दूत बोलू द्या. बोलायला उभं राहता येत नाही त्याच्यापर्यंत माईक न्या.

बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या तरुणाला सभेत आणतात आणि त्याच्या वतीने बापच बोलतो. बापाला बोलू द्या, पण आधी त्या तरुणाला विचारा. ‘तुला दिवसभर काय करायला आवडतं?’ एवढा प्रश्न पुरतो. एका सभेत या प्रश्नावर उत्तर आलं, ‘टरबूज विकायला’. त्याला टपरी मिळाली. त्याच्या नावे आधीच्या वर्षी पिठाची गिरणी लिहिलेली होती.

पाचवी पायरी: आराखड्यातली ओळ नीट लिहा

महाराष्ट्रात ग्रामपंचायतीच्या आराखड्याचं काम ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने चालतं. शाश्वत विकास ध्येयांच्या नऊ संकल्पनांवर आधारित आराखडा ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढतो. पहिलीच संकल्पना आहे ‘गरिबीमुक्त आणि उपजीविका वृद्धीस पोषक गाव’. दिव्यांगांचा विषय सहसा सामाजिकदृष्ट्या सुरक्षित गावाच्या कप्प्यात टाकला जातो, पेन्शनच्या शेजारी. आग्रह धरा की तो पहिल्या संकल्पनेतही आला पाहिजे. पेन्शनने माणूस तगतो, गरिबी हटायला उत्पन्न लागतं.

बहुतेक आराखड्यांत ओळ असते: ‘दिव्यांग कल्याण, ५ टक्के निधी, ६०,००० रुपये.’ या ओळीत काम नाही, जागा नाही, मुदत नाही. वर्षअखेरीस त्यातून काहीही खरेदी करता येतं. त्याऐवजी ओळ अशी असावी:

‘वॉर्ड ३ मधील अंगणवाडीची एक खोली सकाळी ९ ते १, लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्या चार मुलांच्या दिवसा सांभाळासाठी, एक मदतनीस, दरमहा मानधन, चटया, चाकाची खुर्ची एक, निधी: स्वउत्पन्नाचे ५ टक्के, सुरुवात जून, जबाबदारी: महिला व बालकल्याण समिती.’

किंवा: ‘ग्रामपंचायत कार्यालय आणि रेशन दुकानाला उतरंड (रॅम्प), प्रत्येक फूट उंचीला बारा फूट लांबी, रुंदी किमान चार फूट, दोन्ही बाजूंना कठडा.’ हे माप लिहिलंच पाहिजे. ते नसलं की ठेकेदार तीन फुटांत घसरगुंडी बांधतो आणि चाकाची खुर्ची त्यावर चढत नाही.

पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेला निधी वेगळा असतो. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के भाग त्यासाठी राखला होता. सार्वजनिक नळाचा ओटा, बसून वापरता येईल असं शौचालय, आतल्या भिंतीला दांडा, ही कामं त्यातून मागा. तेवढा स्वउत्पन्नाचा निधी उपजीविकेला मोकळा राहतो. दिव्यांगांसाठीचं प्रत्येक काम त्यांच्याच पाच टक्क्यांतून करायचं, हा समज मोडला पाहिजे. गावचा रस्ता जसा सर्वांच्या पैशातून होतो, तशी त्या रस्त्यावरची उतरंडही.

सहावी पायरी: कमाईचं काम, माणसाला विचारून

उमेद अभियानात स्वयंसहायता गट साधारण दहा जणींचा असतो. दिव्यांगांच्या गटाला मात्र पाच सदस्य पुरतात आणि त्यात स्त्री-पुरुष दोघेही असू शकतात. हे अनेक गावांना माहीतच नसतं. ‘दहा जण होत नाहीत’ म्हणून फाईल बंद झालेली असेल तर तालुका कक्षात जाऊन ती उघडायला लावा. तरीही माझं मत असं, की ज्या दिव्यांग बाईला नेहमीच्या गटात जाता येतं तिला तिथेच जाऊ द्यावं. तिथे ओळखी होतात, मोठं कर्ज मिळतं. वेगळा गट गरजेपुरता.

कामं आपल्या मातीतली शोधा. लासलगाव पट्ट्यात कांदा निवडणं, प्रतवारी, गोणी शिवणं. पिंपळगावकडे बेदाणा निवडणं. येवल्यात पैठणीच्या मागासाठी कांड्या भरणं. सुरगाणा-पेठमध्ये नागलीचे पापड, भगर साफ करणं. ही बसून होणारी कामं आहेत. व्यापाऱ्याशी आधी बोलून घ्या, खाली बसता येत नसेल तर मेजाची उंची ठरवून घ्या. रोजगार हमीच्या कामावर पाणी पाजणं, लहान मुलं सांभाळणं अशी कामं दिव्यांगांना देता येतात. रोजगार सेवकाकडे कामाची मागणी लेखी करा आणि तारखेची पावती घ्या. तोंडी मागणीला पुरावा नसतो.

मशीन द्यायचंच असेल तर तीन गोष्टी आधी तपासा: ते चालवायला येतं का, गावात गिऱ्हाईक आहे का, बिघडलं तर दुरुस्त कोण करणार. एका गावात मी पोत्याखाली झाकलेल्या चार शिलाई मशिनी पाहिल्या, चारही पायडलच्या. ज्यांना दिल्या त्यांतल्या दोघींच्या पायांत जोर नव्हता.

सातवी पायरी: कागदपत्रं

कागद नसला तर कलम ३७ चा लाभ हातात येत नाही. वैश्विक ओळखपत्रासाठी, म्हणजे यूडीआयडीसाठी, स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तपासणीला ठरवून दिलेल्या शासकीय रुग्णालयात जायचं. कार्डावर ४० टक्क्यांखाली पांढरी, ४० ते ७९ टक्क्यांना पिवळी आणि ८० टक्क्यांपासून पुढे निळी पट्टी येते. सुरगाण्याहून नाशिकला एकेकट्याने येणं म्हणजे आख्खा दिवस आणि एक मजुरी जाते. पाच-सहा गावांनी मिळून एक गाडी करावी, भाडं पंचायतीच्या निधीतून द्यावं आणि तो खर्च आराखड्यात लिहावा. सोबत कुणीतरी असा द्या जो रांगेत उभा राहील, टोकन घेईल, परतीच्या तारखा लिहील.

अंत्योदय रेशनकार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं. निराधार दिव्यांग कुटुंबप्रमुख असलेली घरं त्याच्या निकषांत बसतात. कुटुंबप्रमुख दिव्यांग आहे का, हे शिधापत्रिकेवर तपासा. मुलगा दिव्यांग असेल तर हा मार्ग चालत नाही. तेव्हा तहसील कार्यालयात इतर निकषांवर प्रयत्न करा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे, एक लाख रुपयांपर्यंत. अशा प्रौढ मुलाचं बँक खातं अडलं असेल तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली पालकत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. ते जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेली स्थानिक समिती देते.

आठवी पायरी: गावाच्या बाहेर

गावाने चांगला आराखडा केला तरी दिवसाचा सांभाळ, फिजिओथेरपी, कर्ज या गोष्टी तालुक्याशिवाय उभ्या राहत नाहीत. पाच-सात गावांचे हिशोब एकत्र करून गटविकास अधिकाऱ्यांना एक निवेदन द्या, त्यात घरं किती आणि महिन्याचा खड्डा किती, हे दोन आकडे ठळक. तेच जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाला. तेच जिल्हा नियोजन समितीवरच्या आपल्या भागातल्या सदस्याला, हिवाळ्यात, कारण जिल्हा वार्षिक योजनेचा मसुदा तेव्हा तयार होतो. महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ पासून स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, त्यामुळे निवेदनाची एक प्रत तिकडे पाठवायला विसरू नका.

वर मागायचंय ते कायद्यातलंच आहे. कलम 24 सांगतं की सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त असावी. जास्त आधाराची गरज असलेल्यांसाठी सांभाळणाऱ्याच्या भत्त्याचाही त्यात उल्लेख आहे. उलट, केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतनात ८० टक्के दिव्यांगत्वाची आणि दारिद्र्यरेषेखाली असण्याची अट घालून महिन्याला ३०० रुपये मिळतात. राष्ट्रीय पातळीवरचा हा आकडा बदलायचा तर गावागावांतून ७,००० च्या खड्ड्याचे हिशोब वर गेले पाहिजेत.

शहरात राहणाऱ्यांसाठी थोडक्यात: नाशिक महापालिकेचं अंदाजपत्रक फेब्रुवारी-मार्चमध्ये ठरतं. पाच टक्क्यांचा हिशोब त्याआधी मागा. सिंहस्थाच्या कामांत गोदाघाटाच्या उतरंडी, फिरती शौचालयं आणि फुलं-प्रसादाच्या गाळ्यांत दिव्यांग विक्रेत्यांचा पाच टक्के वाटा मागायला हीच वेळ आहे.

नववी पायरी: वर्षभर धरून ठेवा

आराखडा पोर्टलवर चढला की तो मोबाईलवर कुणालाही पाहता येतो. आपली ओळ आहे का, रक्कम तीच आहे का, ते पाहा. मग ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात, म्हणजे नमुना १ मध्ये, त्याच रकमेची तरतूद आहे का ते पाहा. आराखड्यात आहे पण अंदाजपत्रकात नाही, अशी ओळ वाळून जाते. मागची थकबाकीही शोधा. तीन वर्षांचं स्वउत्पन्न, त्याचे पाच टक्के आणि प्रत्यक्ष खर्च, एवढंच माहिती अधिकारात विचारा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला शुल्क नाही. लाभार्थ्यांची नावं मागू नका, बाब आणि रक्कम मागा. उत्तर घेऊन आधी सरपंचांशी बसा. भांडण करायला नव्हे, पुढच्या वर्षीच्या तरतुदीत ती रक्कम जोडून घ्यायला. नाही जमलं तर गटविकास अधिकारी, मग पुण्यातले दिव्यांग आयुक्त. तक्रारींची चौकशी करताना आयुक्तांना दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात.

मे महिन्यातल्या ग्रामसभेत तीन घरांचा हिशोब पुन्हा मांडा, गेल्या सप्टेंबरात मांडला होता तसाच: बुडालेली मजुरी, जादा खर्च, मिळालेली मदत. मावशीच्या गावात सांभाळाची खोली यंदा जूनमध्ये उघडायची आहे, मदतनीस ठरली आहे, चाकाची खुर्ची यायची आहे. ती आली की नाही, ते १५ ऑगस्टच्या सभेत पहिल्या विषयात विचारायचं, असं चौघी आयांनी ठरवून ठेवलंय.